डब्यावर ठेवलेला हात

कवठे येमाईत ज्याला मेंढरू विकत घ्यायचं असे, तो बाजाराच्या आदल्या दिवशी सावळाराम कोळप्यांच्या ओट्यावर येऊन बसे. कोळप्यांचं घर दोन पिढ्यांपूर्वी मेंढरांमागं रानोमाळ फिरणारं होतं. वडिलांच्या हयातीत विहिरीला पाणी लागलं, शेती स्थिरावली आणि फिरणं बंद झालं. तरी परड्यात वीस-पंचवीस मेंढरं कायम असत, आणि मेंढराची पारख तर सावळारामाच्या बोटांतच होती.

माणूस चौसष्ट वर्षांचा, उंच आणि कमी बोलणारा. बाजारात शिरला की तो आधी जनावराकडं बघतच नसे, विकणाऱ्याकडं बघे. कुठला, कळप केवढा, का विकतोस, हे सावकाश विचारून घेई. मग मेंढरू चार पावलं चालवायला लावी आणि त्याची चाल मागून बघे. जबडा उघडून दात बघे, खालची पापणी उलटून आतला रंग बघे, कण्यावर अंगठा दाबून मांस किती ते चाचपे. मीठ चारून पोटभर पाणी पाजलेलं मेंढरू भरल्यासारखं दिसतं. ते त्याला दहा पावलांवरून ओळखू येई. एवढं झाल्यावरही तो लगेच होकार देत नसे. "च्या पिऊन येऊ," म्हणे. परत आल्यावर पुन्हा एकदा बघे आणि मन भरलं तरच जनावराच्या पाठीवर उजवा हात ठेवी. हात ठेवला की सौदा चांगला, हे शिरूरच्या बाजारात विकणाराही जाणे आणि घेणाराही. चाळीस वर्षांत त्यानं हात ठेवलेलं एकही जनावर खोटं निघालं नव्हतं. या कामाचा त्यानं कुणाकडून कधी पैसा घेतला नाही. गावात मान होता, तेवढा त्याला पुरे होता.

हाच हात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका प्लॅस्टिकच्या डब्यावर पडला.

त्या दिवशी गावच्या समाजमंदिरात मोफत आरोग्य व्याख्यान ठेवलं होतं. ते ठेवणारी अनिता सावळारामाच्या भावकीतली सून. तिनं नुकताच एका पावडरीचा धंदा धरला होता. डबा खपला की तिला काही वाटा मिळे, आणि तिनं आणखी कुणाला या धंद्यात जोडलं तर त्याच्या खपातलाही मिळे. घरोघर फिरून तिनं माणसं गोळा केली. सावळाराम एरवी गेला नसता. पण नातीच्या बारशासाठी त्याची थोरली बहीण ताईबाई केडगावहून माहेरी आली होती. ताईबाईचे गुडघे दुखत. शिवाय अकरा वर्षांपासून तिला शुगरचा आजार होता आणि सकाळ-संध्याकाळ गोळ्या चालू होत्या. फुकट तपासणी आहे असं कानावर पडल्यावर ती घरात थांबेना. तिच्या सोबतीला म्हणून सावळाराम गेला.

व्याख्याते होते सुमित सर. पस्तिशीचे, गोरेपान, अंगात पांढरा लांब कोट. बोलण्यात साखर आणि मधूनमधून विनोद. आधी त्यांनी एकेकाच्या हातात एक यंत्र दिलं. दोन मुठींत ते धरलं की शरीराचं वय सांगतं म्हणे. सावळारामाचं वय अठ्ठेचाळीस निघालं. सर म्हणाले, "आप्पा तर अजून नवरदेव आहेत." सगळे हसले. ताईबाईचं वय निघालं चौऱ्यांशी, म्हणजे तिच्या खऱ्या वयापेक्षा तेरा वर्षं जास्त. ती काही हसली नाही.

मग सरांनी काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, त्यात तपकिरी औषधाचे थेंब टाकले. पाणी गढूळ झालं. हे तुमचं रक्त, सर म्हणाले. डब्यातली चिमूटभर पावडर टाकून त्यांनी चमच्यानं ढवळलं आणि पाणी बघता बघता स्वच्छ झालं. बायकांनी तोंडावर पदर घेतले. सावळारामाच्या मनात मीठ चारलेलं मेंढरू येऊन गेलं. ग्लासातलं पाणी म्हणजे माणसाचं रक्त कसं, हा प्रश्न त्याच्या जिभेवर आला. त्यानं हात वर केला आणि विचारलं की या पावडरीत आहे तरी काय, आणि ती बनवतं कोण.

सरांना अनितानं सगळी माहिती आधीच देऊन ठेवली असावी. त्यांनी प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. ते म्हणाले, "मंडळी, प्रश्न कोणी विचारला पाहा. शिरूरच्या बाजारात ज्यांच्या हाताला किंमत आहे ते आप्पा. आप्पा, पुढं या. माझं ऐकू नका. तुम्हीच पारखा."

माणसांनी वाट करून दिली. टाळ्या झाल्या. चाळीस वर्षांत सावळारामासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. बाजारात टाळ्या वाजत नाहीत. तो पुढं गेला. सरांनी डबा उघडून त्याच्या हातात दिला. त्यानं सवयीनं वास घेतला, बोटाच्या चिमटीत पावडर चुरडली, झाकण लावलं आणि परत देताना उजवा हात क्षणभर झाकणावर टेकवला. अनितानं मोबाइलवर फोटो काढला.

तो तोंडानं होकाराचा एक शब्दही बोलला नव्हता. पण तो बोलत नाही हे तर सगळ्यांना ठाऊकच होतं. व्याख्यान संपलं तसे डबे खपू लागले. ताईबाईनं दोन घेतले. सर तिला म्हणाले की गोळ्या बंद करा असं मी म्हणणार नाही, पण तीन आठवड्यांत त्या तुमच्या तुम्हीच सोडाल बघा. ती पैसे मोजत होती तेव्हा सावळारामाला एकदा वाटलं, आक्काला म्हणावं, आज घेऊ नको, च्या पिऊन येऊ. पण टाळ्यांचा आवाज अजून कानात होता.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. सकाळी दहाच्या सुमारास केडगावहून ताईबाईची सून हर्षदा हिचा फोन आला. आत्यांनी अठरा दिवस गोळ्या घेतल्या नाहीत, ती सांगत होती. डाव्या पायाच्या बोटाला फोड आला होता, तो फुटला, आता बोट काळं पडलंय. सारखं पाणी पितात, बसल्या जागी झोपतात. नवरा शंभू कंपनीत पाळीला गेलाय. डॉक्टरांना फोनवर विचारलं तर ते म्हणाले, आजच्या आज दाखवा. पण आत्या उठायला तयार नाहीत.

"मामा, काही म्हणलं की एकच सांगतात," हर्षदा म्हणाली. "सावळानं हात ठेवलाय."

सावळाराम तसाच निघाला. कवठ्याहून शिरूर, शिरूरहून न्हावऱ्याच्या वाटेनं चौफुला आणि तिथून केडगाव. एस्टीत खिडकीशी बसून त्यानं अनिताला फोन लावला. गावात आणखी कुणी गोळ्या सोडल्यात का, एवढंच त्याला विचारायचं होतं. अनिता आधी उडवाउडवी करत राहिली, मग म्हणाली की असतील आठ-नऊ जण. आप्पांचं नाव ऐकूनच लोकांनी डबे नेले, आणि आता आप्पाच फिरले तर तिला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. शेवटी तिचा आवाज बदलला.

"आन् आप्पा, तुम्ही तरी काय म्हणून सांगणार लोकांना? न बघताच हात ठेवला म्हणून?"

त्यानं फोन खिशात टाकला. बाहेर उसाच्या ट्रॉल्या मागं पडत होत्या. न्हावऱ्याला गाडी दहा मिनिटं थांबली, त्यातलं एकेक मिनिट त्याला जड गेलं.

केडगावात पोचला तेव्हा दीड वाजून गेला होता. ताईबाई पडवीत खाटेवर होती. उशाशी पाण्याची कळशी. पायाला फडकं गुंडाळलेलं, आणि फडक्यावर त्याच पावडरीचा लेप वाळून पांढरा झालेला. त्यानं जवळ बसून तिचा हात हातात घेतला. मागच्या बाजूची कातडी दोन बोटांत धरून सोडली. ती जागेवर गेली नाही, तशीच उभी राहिली. मग त्यानं तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढली. जीभ दाखव म्हणाला. ताईबाईला रागही आला आणि हसूही.

"म्या काय बाजारात आलेय व्हय रं?"

मेंढरू असतं तर त्यानं धन्याला सांगितलं असतं की हे संध्याकाळपर्यंत जगतंय का बघ. "आक्का, दवाखान्यात चल," एवढंच तो म्हणाला.

ताईबाईनं सुनेकडं रोखून पाहिलं. हिनंच बोलावलं असणार, ती म्हणाली. मग तिनं सगळं उलगडून सांगितलं. पाय दुखायला लागला तेव्हा तिनं सरांना फोन केला होता. सर म्हणाले, घाबरू नका माउली, शरीरातलं विष बाहेर पडतंय. आधी त्रास वाढतो, मग उतरतो. पंधरा दिवस कळ काढा. ती कळ काढत होती. आता अर्ध्या वाटेवरून परत फिरायचं म्हणजे सोसलेलं सगळं वाया.

सावळारामानं हर्षदाला डबा आणायला सांगितला आणि त्यावरचं अक्षर न् अक्षर वाचायला लावलं. पुढच्या बाजूला हिरवी पानं आणि मोठी नावं होती. मागं, अगदी तळाशी, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की हा खाद्यपदार्थ आहे, औषध म्हणून वापरण्यासाठी नाही. हर्षदानं ते वाचून मराठीत सांगितलं. सावळारामानं पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. समाजमंदिरात हेच कुणाकडून तरी वाचून घेतलं असतं तर दोन मिनिटं लागली असती. मेंढराच्या तोंडात हात घालणारा माणूस डब्याच्या पाठीकडं बघायलाच विसरला होता.

ताईबाईवर मात्र त्याचा काही परिणाम झाला नाही. सरकारचा नियम असतो, ती म्हणाली, सगळ्यावर तसंच लिहितात; सरांनीच सांगितलं होतं.

"आक्का, म्या त्या डब्याची पारख केलीच न्हाई."

"मग हात कशापाय ठेवला?"

त्यानं खाली पाहिलं. ताईबाईला वाटलं, सून आणि भाऊ मिळून आपल्याला फसवून दवाखान्यात नेताहेत. तिचा नवरा दवाखान्यातून परत आला नव्हता. तेव्हापासून दवाखान्याच्या पायऱ्या तिला नको असत. पण भावाचा पडलेला चेहरा बघून ती थोडी नरमली आणि तिनंच तोड काढली. आज चार वाजता इथल्याच मंगल कार्यालयात सरांचं व्याख्यान होतं.

"त्यांच्या तोंडावर बोल," ती म्हणाली. "त्यांनी माझ्या पायाची समद्यांसमोर जबान दिली तर मी घरी येणार. न्हाई दिली तर तू म्हणशील तिकडं."

हर्षदानं सावळारामाला आत नेलं आणि हलक्या आवाजात विनवलं. दोन तास घालवणं बरं नाही, उचलून रिक्षात घालू. सावळारामानं मनात तोलून पाहिलं. आक्काला तो साठ वर्षं ओळखत होता. जबरदस्तीनं नेली तर ती दवाखान्याच्या दारात पाय रोवून बसेल, दिलेली गोळी थुंकून टाकेल. तिचं मन वळल्याशिवाय पाय वाचणार नव्हता. पण मन वळेपर्यंत पाय राहील का, हे त्याला कळत नव्हतं. त्यानं रिक्षावाल्याला बोलावलं आणि सांगितलं की कार्यालयाच्या दारात थांबून राहायचं, तिथून सरळ दौंडला जायचं. हर्षदानं जुने कागद आणि सुटलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरली. चार वाजेपर्यंत ताईबाईनं अर्धी कळशी संपवली.

कार्यालयात दीड-दोनशे माणसं होती. ताईबाईला दुसऱ्या रांगेत बसवून सावळाराम कडेला उभा राहिला. यंत्र फिरत होतं, गढूळ पाणी स्वच्छ होत होतं, तेच विनोद होत होते. मग समोरच्या पडद्यावर एक मोठा फोटो आला. सावळारामच होता तो. डोक्याला मुंडासं, उजवा हात डब्याच्या झाकणावर. खाली लिहिलं होतं, चाळीस वर्षांचा पारखी हात.

सरांची नजर कडेला गेली आणि ते हरखलेच. साक्षात आप्पाच आज आलेत, असं म्हणत त्यांनी सावळारामाला हात धरून वर नेलं आणि माइक त्याच्या हातात दिला. टाळ्या पडल्या, कवठ्यातल्यापेक्षा मोठ्या.

माइक हातात घेऊन तो उभा राहिला. खाली ताईबाई मान वर करून बघत होती. तिचे डोळे मिटू मिटू होत होते आणि ती ते उघडे ठेवत होती. अनिता म्हणाली ते खरं होतं. आता जे बोलायचं ते बोललं की शिरूरच्या बाजारात आपल्याला कुणी बोलावणार नाही. तो बोलला तेव्हा आवाज इतका बारीक निघाला की मागून कुणीतरी ओरडलं, आबा, जोरात.

"ह्यो फोटो माझाच हाय," तो म्हणाला. "पर त्या डब्याची पारख म्या केली न्हाई. मला त्यातलं काय कळत न्हाई. मला म्होरं बोलावलं, माझं नाव घेतलं, तुम्ही वाजवल्या तशा टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं. त्या भरात हात ठेवला. मेंढरू असतं तर म्या असा हात कधी ठेवला नसता."

सभेत कुजबुज झाली. सर हसतच होते. आप्पा फार विनयी आहेत, असं म्हणून त्यांनी माइक घ्यायला हात पुढं केला. सावळारामानं माइक सोडला नाही. डब्याच्या मागं औषध नाही असं छापलंय, ते यांना वाचून दाखवा, तो म्हणाला. सरांकडं उत्तर तयार होतं. तो कायद्याचा उपचार आहे, मंडळी. उद्या सरकार भाकरीवरही छापायला लावेल. लोक हसले. हसणाऱ्यांत ताईबाईही होती.

बाजारात असा बोलका विकणारा भेटला की सावळाराम बोलणं सोडून जनावर चालवायला लावी. त्यानं तेच केलं.

"मग एक करा. ती बसलीय ती माझी थोरली बहीण. तिला तुम्ही फोनवर सांगितलं, इख भाईर पडतंय म्हणून. तिचा पाय आत्ता बघा. आन् गोळ्या नकोत, पायाला काय हुणार न्हाई, असं ह्या लोकांपुढं कागदावर लिहून सही करा. म्या पाया पडून घरी जातो."

हर्षदानं तोवर फडकं सोडायला घेतलं होतं. शेवटचा वेढा निघाला तसा वास सुटला. ताईबाईच्या दोन्ही बाजूंच्या बायका उठून उभ्या राहिल्या. करंगळीशेजारचं बोट कोळशासारखं काळं झालं होतं आणि काळेपणाची रेघ तळव्याकडं सरकली होती. ताईबाईनंही आपलं बोट दिवसाच्या उजेडात बहुतेक पहिल्यांदाच नीट पाहिलं.

सर दोन पायऱ्या उतरले आणि थबकले. नाकाला रुमाल लावला. मग परत वर चढून हात जोडून म्हणाले, "माउली, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना दाखवा. मी कशी सही करणार? मी काही डॉक्टर नाही. मी फक्त मार्गदर्शन करतो. मी डॉक्टर आहे असं आजवर कधी म्हटलंय का?"

ते खरंच होतं. त्यांनी तसं कधी म्हटलं नव्हतं. ताईबाई मात्र इतके दिवस फोनवर त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत होती, आणि त्यांनी तिला एकदाही थांबवलं नव्हतं. ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली. आवाज चढवला नाही.

"मग ह्यो कोट कशाला घातलाय?"

सर काहीतरी बोलले, ते कुणाला ऐकू आलं नाही, कारण माइक सावळारामाच्या हातात होता.

"न बघता सांगितलंत, आन् बघितल्यावर न्हाई म्हणताय," ताईबाई म्हणाली, आणि भावाकडं वळली. "सावळा, रिक्षा कुठं हाय?"

माणसं बाजूला झाली. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून ती दारापर्यंत आली. मागं कुणीतरी सरांना विचारत होतं की माझ्या आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचं काय. सावळाराम मागं वळून बघायला थांबला नाही.

दौंडपर्यंतची वाट सरता सरत नव्हती. ताईबाईची मान सारखी कलंडत होती, हर्षदा तिला हाका मारून जागी ठेवत होती. दवाखान्यात पोचताच बोटाला सुई टोचली तेव्हा साखर पाचशे बारा निघाली. डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण हात झपझप चालत होता. त्यांनी सलाइन लावली, जुने कागद मागितले, गोळ्यांची पाकिटं एकेक उलटून बघितली आणि शेवटची गोळी कोणत्या तारखेला घेतली ते विचारलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सावळारामाला बरं वाटलं असतं.

तो व्हरांड्यात आला आणि त्यानं अनिताला फोन केला. गोळ्या सोडलेल्यांची नावं मागायची, असं त्यानं ठरवलं होतं. तिनं न मागताच एकेक सांगितली. तिचा आवाज रडका होता. नऊ नावं झाली. सावळारामानं नऊही घरांत एकापाठोपाठ एक फोन केले. प्रत्येक ठिकाणी तेच सांगितलं. माझी चूक झाली, मला त्यातलं कळत नव्हतं, उद्या सकाळी आपापल्या डॉक्टरकडं जा आणि विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. एकजण म्हणाला, आप्पा, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. एकानं फोन मध्येच कापला. एका म्हातारीनं उलट त्याचीच विचारपूस केली, जेवलास का म्हणून.

रात्र कशीबशी गेली. सकाळपर्यंत साखर खाली आली, ताईबाईची शुद्ध लखलखीत झाली आणि जीभही. शंभू आदल्या संध्याकाळीच पाळी संपवून थेट दवाखान्यात आला होता. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की बोट गेलंय, ते काढावं लागेल. आज काढलं तर पाऊल वाचण्याची चांगली आशा आहे. नक्की वाचेलच असं त्या म्हणाल्या नाहीत. थांबलो तर विष वर चढेल.

ताईबाईनं ऐकून घेतलं. मग ती उशीला टेकून नीट बसली आणि विचारू लागली. कापणार कोण? तुम्ही स्वतः की आणखी कोण? अशी बोटं आजवर किती काढली? दुखू नये म्हणून जे टोचाल ते माझ्या वयाला झेपेल का? चालता येईल का, आणि किती दिवसांनी? नाही काढलं तर काय होईल ते एकदा सरळ सांगा. आणि हे सगळं कागदावर लिहून द्याल का? डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या आणि एकेकाचं उत्तर देत गेल्या. जिथं माहीत नव्हतं तिथं माहीत नाही म्हणाल्या. कापणारे सर्जन दुपारी येतील, त्यांनाही हेच विचारा, असंही म्हणाल्या. कागद आला. हर्षदानं तो वरपासून खालपर्यंत वाचून दाखवला, बारीक अक्षरांसकट.

बोट काढायचं हे सावळारामाला पटेना. दोन दिवस सलाइनवर बघू या का, कदाचित रंग परत येईल, असं तो चाचरत बोलू लागला. मेंढराच्या खुराला असं झालं म्हणजे कधी कधी...

ताईबाईनं त्याच्याकडं पाहिलं. नजरेत राग नव्हता.

"सावळा, तू भाईर बस. ह्यातलं तुला काय कळत न्हाई."

तिनं अंगठा शाईच्या डबीवर टेकवला. सावळाराम उठला, दार आपल्यामागं हळूच ओढून घेतलं आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.